दांडा मागे घ्यायचा राहिला

गाडी विकणाऱ्याने मला सांगितलं होतं, "मॅडम, ऑल-व्हील म्हणा नाहीतर फोर-व्हील म्हणा, एकच. चारही चाकांना ताकद जाते." मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवते. 'एकच' म्हणणाऱ्या पोराकडून मी पायऱ्या मांडून घेते. पण त्या दिवशी शोरूमच्या गार हवेत बसून, त्यांची कॉफी पीत, मुकाट मान डोलावली. त्याचा राग अजून गेलेला नाही. त्याच्यावरचा थोडा, स्वतःवरचा जास्त.

त्या रागाचं कारण लेकीच्या हळदीच्या दिवशी घडलं. आम्ही खाडीकाठचे आगरी. आमच्या घरात धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नाही. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि गाता गाता घरच्यांची नावं त्यात गुंफते. बापाचं, मामाचं, आईचं. लेकीला त्याचं काही पडलं नव्हतं. "डीजे आहे ना आई, कशाला त्या म्हातारीला त्रास," असं तिचं म्हणणं. हट्ट माझा होता. माझ्या हळदीला माझ्या आईचं नाव गाण्यात आलं आणि आई पदरात तोंड घालून रडली, ते मी पाटावर बसून पाहिलं होतं. मला माझं नाव तसं ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं.

धवलारीण मावशी राहतात खाडीपलीकडच्या जुन्या पाड्यात. मध्ये भराव पडल्यामुळे तिकडचा नीट रस्ता बंद झालाय, उरलाय तो शेताच्या जुन्या बांधावरून. आदल्या दिवशी माझा भाऊ म्हणाला होता, "माझी जीप ने." त्याची जीप म्हणजे हलणारं भंगार. मी म्हटलं, "दादा, त्यात मावशींची हाडं खिळखिळी होतील. माझ्या गाडीलाही चार चाकांची ताकद आहे." तो वाकून माझ्या गाडीची चाकं बघत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुहूर्त एकचा. दहाला निघाले, मावशींना मागच्या सीटवर बसवलं आणि परतताना अकराच्या सुमारास, जाताना जेमतेम ओलांडलेली बांधाची खांड, म्हणजे पाण्याने पाडलेलं खिंडार, होती तिथे रुतले. पौर्णिमा होती, साडेबाराला उधाणाची भरती. खाडीचा चिखल दिसतो राखाडी आणि निरुपद्रवी. पुढची दोन चाकं त्यात गरगरायला लागली. मागची उभी. मग मागची जरा फिरली, की पुढची थांबली. मी ऍक्सिलरेटर दाबला तर गाडीने माझा पाय असल्याचंच नाकारलं, इंजिनचा आवाज आपणहून खाली आला. आणखी दोनदा प्रयत्न केले तेव्हा समोरच्या पडद्यावर सूचना उमटली: यंत्रणा तापली आहे, थंड होऊ द्या. म्हणजे ऐन चिखलात मागच्या चाकांनी राजीनामा दिला. मी स्टेअरिंगवर हात आपटला.

मावशी मागून म्हणाल्या, "गारी रुसली का गो बाय?" आमच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, गाडीची गारी.

खांडीतून पाणी आत यायला लागलं होतं. नाक मुठीत धरून दादाला फोन केला.

अर्ध्या तासात तो जीप घेऊन आला. माझ्या गाडीकडे एकदा पाहिलं, मग जीपमधला, गिअरशेजारचा ओबडधोबड दांडा ओढला. खट्ट असा आवाज झाला. जीप त्याच चिखलात उतरली, घसरली, पण थांबली नाही. चारही चाकं सारखी फिरत होती. त्याने दोर बांधला आणि पाणी सायलेन्सरला लागायच्या आत माझी गाडी ओढून काढली. मी चिखलात गुडघाभर उभी राहून विचारलं, "माझी का नाही निघाली?"

"तुझी गारी शानी हाय," दादा म्हणाला. "कंचं चाक घसरतंय ते बगते, मंग इचार करते, मंग ताकद देते. तवर बुरते. माझीला अक्कल नाय. दांडा टाकला का पुरचं न् मागचं एकाला एक बांधलं. पुरचं घसरलं तरी मागचं ढकलतं."

पन्नाशीत मला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं आणि ते ऐकताना इतकी लाजही वाटली नव्हती. बारा वाजले होते. माझी गाडी आता हळूहळूच न्यावी लागणार होती. तो म्हणाला, "मी तुझी आनतो. तू मावशीला घेऊन जीपने पुरं हो. डांबर लागलं का दांडा मागं घे. इसरू नको."

विसरले नाही. खोटं कशाला बोलू. पक्का रस्ता लागला तेव्हा हात दांड्यापर्यंत गेला होता. पण मी इतकी पोळलेली होते की वाटलं, राहू दे, जे सुटत नाही तेच बरं. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात, तसं.

सरळ रस्त्यावर काही जाणवलं नाही. उलव्याच्या वसाहतीत शिरल्यावर वळणं सुरू झाली आणि स्टेअरिंग दगडासारखं होत गेलं. आमच्या सोसायटीच्या अलीकडच्या चौकात वळायला घेतलं, तर टायर किंचाळले, खालून ठण्ण आवाज आला आणि जीप चौकात आडवी बंद पडली. मागे बस, टँकर, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. वळणावर पुढची चाकं मोठं वर्तुळ काढतात, मागची लहान. चिखलात तो फरक घसरून निघून जातो, काँक्रीटवर जायला जागा नसते, आणि पुढचं-मागचं बांधून ठेवलं की सगळा पीळ आत साठतो. वर्तुळं मी नववीला शिकवते.

दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला, ग्रीसने तळवे काळे झाले. जोर करून जीप पुढे रेटावी तर दादाची जीप मोडेल ही भीती. चौकातून मांडवाची कमान दिसत होती. एकला दहा मिनिटं कमी होती.

मावशी उतरल्या. "मी चालत जातंव. मुहूर्त चुकवाचा नाय." त्या गेल्या. मला जीप सोडून जाता येईना. बसवाला खाली उतरून माझ्याशी भांडत होता, आणि त्या हॉर्नांच्या गदारोळात मांडवाकडून काय ऐकू येतंय ते मला कळत नव्हतं. मला रडू आलं. चिडून आलं.

पाऊण तासाने दादा माझी चिखलाने माखलेली गाडी घेऊन पोहोचला. जीपमध्ये बसला, चालू केली, रिव्हर्स टाकला आणि जेमतेम दोन हात मागे घेतली. पीळ सुटला. दांडा एका बोटाने मागे आला.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवरंच," तो म्हणाला.

मी मांडवात धावत गेले तेव्हा हळद लागून झाली होती. लेक पाटावर बसली होती आणि डीजेवाली माझी लेक ढसाढसा रडत होती. "आई, त्यांनी गाण्यात तुझं नाव घेतलं. मी वळून बघितलं, तर तू नव्हतीस."

मावशींना म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा ना. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नाव एकदाच घेतात, बाय."

मग मी लेकीच्या गालाला हात लावला. हात पुसायचं सुचलंच नाही. अल्बममधल्या त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तिच्या पिवळ्या गालावर एक काळा डाग आहे. पाहुणे म्हणतात, आईने तीट छान लावली हो.