हात लागलेल्यांची यादी

माझ्या ब्लॉगला सगळ्यात जास्त वाचक मिळाले, ते एका माणसाचं डोकं फुटलं त्या आठवड्यात. बारा वर्षं मी लिहीत होते. तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं, फणसाची भाजी, आमच्या किनाऱ्यावरची रापण, जत्रेतली नाटकं, सगळं जीव ओतून लिहिलं. एका रक्ताच्या डागापुढे त्यातलं काही टिकलं नाही. अजून राग येतो. आमच्या घराण्यात पैसा कधी टिकला नाही, राग मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. वडिलांनी एकदा भांडणात स्वतःचीच होडी कुऱ्हाडीने फोडली होती. मी त्यांचीच लेक.

डी.एड. झाले आणि नोकरी लागली नाही. कसालला नात्यातल्या एकांचं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथल्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकले आणि तिथेच ब्लॉग सुरू केला. वर्षभराने ब्लॉगवरच्या जाहिरातींचे पैसे देणाऱ्या कंपनीचं पत्र पोस्टाने घरी आलं. पत्ता खरा आहे ना हे तपासण्यासाठी त्यात फक्त एक आकडा होता. आईने त्या पत्राला हळदकुंकू लावून ते देवापुढे ठेवलं. काही वर्षं खरंच बरी गेली. मालवणात येणारी माणसं माझं पान उघडून कुठे जेवायचं ते ठरवायची. घरात पाहुणे ठेवणारे मला बोलवायचे, मानधन द्यायचे. जामसंड्याचे एक आंबेवाले दर मोसमाला माझ्याकडून लेख लिहून घ्यायचे. त्यातून मी लॅपटॉप घेतला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. लग्न नको म्हणण्याचा हक्कही मला त्या लिहिण्याने दिला.

मग वाचणारे बघणारे झाले. पाहुणे ठेवणारे म्हणू लागले, लेख नको, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ करा, जमलं तर थोडं नाचा. त्यानंतर ती यंत्रं आली, विचारलं की स्वतःच उत्तर देणारी. कुणी सोलकढी कशी करायची विचारलं, की यंत्र माझीच कृती वर सांगून मोकळं आणि माझं पान खाली न उघडता पडलेलं. रांधलं मी, वाढणारा दुसराच. एका हॉटेलवाल्याने तर फोटोतून रापणीची जाळी आणि माणसं पुसून टाका, किनारा निर्जन दिसायला हवा, असं सांगितलं. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. ते गिऱ्हाईक गेलं. ब्लॉगवर पोट भरून गावातच राहायचं, एवढीच माझी ईर्षा होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत मरत होती.

माझा थोरला भाऊ रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. त्याला माझं काम कधी काम वाटलं नाही. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले, की तो जाता जाता म्हणायचा, "तुझे हात कधी ओले होतले, बाय?" तो ते मायेने म्हणायचा की टोचून, हे मला कळत नसे. मी उलट काहीतरी फेकून बोलायचे आणि मग दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकायचं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून खेचायचं. मासळी आली की वाटे पडतात. आमच्याकडे नियम एकच आणि तो बापजाद्यांचा आहे. ज्याचा हात दोराला लागला, त्याचा वाटा. मग तो जाळ्याचा मालक असो, वाटसरू असो, नाहीतर गंमत म्हणून दोर धरलेला पर्यटक असो. तांडेल वाळूत उभा राहून एकेकाचं नाव पुकारतो आणि एकही नाव सुटता कामा नये. स्वतःचं नाव तो सगळ्यात शेवटी घेतो. नाव न पुकारणं म्हणजे वाळीत टाकणं. माझ्या आठवणीत तसं एकदाच झालं होतं आणि तो माणूस पुढे गाव सोडून गेला.

त्या वर्षी समुद्रात दिवे लावून मासळी ओढणाऱ्या मोठ्या बोटी आठवड्यामागून आठवडे आत येत होत्या. आमच्या जाळ्यात कचरा यायचा. तक्रारी झाल्या, अर्ज झाले. एका सकाळी, चांगलं उजाडलेलं असताना, त्यातली एक बोट किनाऱ्याच्या इतकी जवळ आली की तिच्या पंख्याने आमची टाकलेली रापण मधोमध फाडली. दोर एकदम ढिला पडला आणि ओढणारी माणसं वाळूत उताणी पडली.  भाऊ होडीकडे धावला आणि त्याच्यामागे इतर. दोन होड्या, सात-सात माणसं. मी फोन हातात धरून भावाच्या होडीत उडी मारली. कुणी मला उतर म्हटलं नाही, तेवढा वेळही नव्हता.

आम्ही बोटीला भिडलो तेव्हा वरून आधी बर्फाचे तुकडे आले, मग बाटल्या, मग लोखंड. आमच्या माणसांनी जाळ्याची शिशाची वजनं भिरकावली. एकाचे दात पडलेले मी बघितले. एकाने आपल्याच माणसाच्या पाठीत वल्हं घातलं. मी फोटो काढत होते आणि शिव्या देत होते, दोन्ही एकाच वेळी. त्यांचा एक खलाशी कठड्यावरून आमच्या होडीत उतरला, हातात सळी होती. त्याने ती भावाच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊ दोरांच्या वेटोळ्यात पडला आणि त्या माणसाने सळी पुन्हा उचलली.

मी फोन खाली टाकला, वल्हं उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. सगळी ताकद लावून. नारळ दगडावर आपटावा तसा आवाज आला. तो गुडघ्यावर बसला, माझ्याकडे बघितलं आणि आडवा झाला. त्याच्या कानातून रक्त येत होतं. तो आमच्यासारखाच कुणीतरी होता, मजुरीवर आलेला, परमुलखातला. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला बरं वाटलं. बारा वर्षांत कुठलाही लेख पुरा केल्यावर इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि मी दुसऱ्यांदा वल्हं उचललं होतं. भावाने पडल्या पडल्या माझा पाय धरला, म्हणून ते खाली आलं नाही.

त्यांनी आपला माणूस वर ओढून घेतला आणि ते निघून गेले. आम्ही किनाऱ्याला आलो. भावाला दवाखान्यात नेलं आणि मी दुपारी पडवीत बसून एका बैठकीत लिहून काढलं. वाक्यं झरझर येत होती. आणि लिहिताना मी रापणीचा नियम पाळला, तीच चूक झाली. चौदाच्या चौदा नावं लिहिली. पहिल्या होडीत कोण, दुसऱ्या होडीत कोण, कुणी काय फेकलं, कुणी मार लागूनही माघार घेतली नाही. तांडेल पुकारतो त्या क्रमाने, भावाचं नाव शेवटी. कुणाचा हात विसरला जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं. मला तो त्यांचा मान वाटला. वल्ह्याचा घाव पण लिहिला. वल्हं कुणाचं, ते मात्र लिहिलं नाही. लिहिणाऱ्याने स्वतःला मध्ये आणू नये, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

वाचक लोटले. वर्षभरात येत नव्हते तितके एका दिवसात आले. माझं पान हातोहात फिरत होतं. होडीतल्या रक्ताच्या फोटोशेजारी कोकणातल्या निवांत सुट्टीची जाहिरात झळकत होती. अनोळखी लोक खाली लिहीत होते, शाब्बास, अजून फोटो टाका. मी अजून फोटो टाकले. लाज वाटायला हवी होती, पण मी दर दहा मिनिटांनी आकडा बघत होते. प्लॅस्टरमध्ये बसलेल्या भावाला मी तो दाखवायला गेले. त्याने फोनकडे बघितलं आणि विचारलं की तो माणूस जिवंत आहे का. मला माहीत नव्हतं.

तो जिवंत होता, एक डोळा गेला होता. चौथ्या दिवशी पोलीस आले. साहेबांच्या हातात माझ्या लेखाची छापील पानं होती, नावांखाली पेनाने रेघा मारलेल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. माझ्याच क्रमाने ते एकेका घरात गेले आणि माणसं ताब्यात घेत गेले. शेवटी आमच्या घरी आले, कारण भावाचं नाव मी शेवटी लिहिलं होतं. गाडी गेल्यावर वाडीतल्या बायका आमच्या खळ्यात, अंगणात जमल्या. वहिनीने माझा लॅपटॉप उचलला आणि कपडे धुण्याच्या दगडावर आपटला, तुकडे होईपर्यंत आपटला. मग माझे केस धरून मला त्याच दगडाकडे ओढलं. "तू लिवलंस म्हणान ते इले," ती म्हणाली. माझं कपाळ फुटलं. मी हात उचलला नाही. जन्मात पहिल्यांदाच मी मार खाऊन घेतला आणि कुणी सोडवायला आलं नाही. लेख मी त्याच दिवशी फोनवरून काढून टाकला, पण तोवर तो शंभर ठिकाणी गेला होता.

वल्हं कुणी मारलं, या एकाच प्रश्नावर मोठं कलम अवलंबून होतं. तेरा जण गप्प राहिले. भावाने सांगितलं, मी मारलं. मोडलेल्या खांद्याच्या माणसाने वल्हं कसं उचललं, असं विचारल्यावर म्हणाला, खांदा नंतर मोडला. बहीण होडीत होती ना, असंही विचारलं गेलं. वकिलाने मला त्याच्या जबाबातलं वाक्य वाचून दाखवलं. कचेरीतल्या शुद्ध मराठीत ते असं होतं: "बहीण फोटो काढत होती. तिचा हात कशालाही लागला नाही."

मी वकिलाला तिथल्या तिथे खरं सांगितलं. तो म्हणाला, आधी भावाला विचारा. कोर्टाच्या व्हरांड्यात दोन मिनिटं भेट मिळाली. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "तू लिवलंस तेवढा पुरे. आता गप रव." मी गप्प राहिले. भ्याले म्हणून राहिले, हे आता सांगायला हरकत नाही. महिन्याने जाहिरातींचे पैसे आले, ब्लॉगच्या सगळ्या आयुष्यात इतके कधी आले नव्हते. आले तसे वकिलाकडे गेले. त्यानंतर मी काही लिहिलं नाही आणि वाचकांनीही विचारलं नाही.

सगळे जामिनावर सुटून आले. पुढच्या मोसमात नवं जाळं शिवून पहिली रापण टाकली, तेव्हा मी साडी खोचून पाण्यात उतरले आणि दोर धरला. माझ्या पुढचा-मागचा माणूस जरासा सरकला, एवढंच. दोन तास ओढलं. तळहातांची सालं निघाली, दोरावर माझं रक्त लागलं होतं. बांगडे आले, पेडवे आले, बऱ्याच दिवसांनी जाळं भरून आलं. भाऊ वाकड्या खांद्याने वाळूत उभा राहिला आणि नावं पुकारू लागला. तेराही नावं त्याच क्रमाने. मग पुण्याहून आलेलं एक जोडपं, त्यांनी हसत-खेळत पाच मिनिटं दोर धरला होता. मग त्याचं स्वतःचं.

एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हिचं काय. भावाने माझ्या हातांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. दोन्ही तळवे रक्ताने भरले होते.

"हिचो हात लागूक नाय," भाऊ म्हणाला.

 मी हात खाऱ्या पाण्यात बुडवले, झोंबले तेवढा वेळ तशीच बसले आणि घरी आले. तो मला अजून वाचवत होता की वाळीत टाकत होता, हे मी त्याला विचारलेलं नाही. त्याला तरी ठाऊक असेल की नाही, कोण जाणे. संध्याकाळी वहिनीने माझ्या ताटात बांगडा वाढला नाही आणि मी मागितला नाही.

पुढच्या महिन्यात निकालाची तारीख आहे. काल फोनवरून जुना ब्लॉग उघडला. तिथे आता कुणी येत नाही, आलंच तर कुठलं तरी यंत्र येतं आणि उचलायचं ते उचलून जातं. पण एक वाचक पक्का आहे. तो पानं छापून घेतो आणि नावांखाली रेघा मारतो. त्याच्यासाठी हे लिहिलं आहे. यादीत एक हात राहून गेला होता. दोन होड्यांत मिळून आम्ही पंधरा होतो, आणि वल्हं माझं होतं.