बोडीतलं खारं पाणी

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. आमचं घर आजोबांपासून बौद्ध, मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि रस्त्यात कुणी उतारा टाकला तर तो पायाने उडवणारा मीच. तरी लिहितोय, कारण परवा या ग्रुपवर कुणीतरी समुद्रकाठच्या त्या श्रीमंत शहराची 'फारशी कुणाला ठाऊक नसलेली माहिती' टाकली. कुठल्या बंगल्यात कोण राहतो, कुठली वाळू सगळ्यात मऊ... वाचून टाळकं सरकलं. त्यात एक गोष्ट राहिली आहे. ती मी सांगतो.

माझा धाकटा भाऊ प्रमोद बांबूचं काम करायचा. आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ, समुद्रापासून शेकडो मैल दूर. इकडे कापलेल्या बांबूची मोळी बांधतात आणि वर दगड ठेवून काही आठवडे बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बुडवून ठेवतात. मग त्याला कीड लागत नाही. एक ठेकेदार प्रमोदला त्या शहरात घेऊन गेला - बीचवरच्या हॉटेलात बांबूचा मांडव उभारायला. समुद्र त्याने तोवर पाहिलाही नव्हता.

एका रविवारी दुपारी दोनच्या सुमारास मी आणि आई बोडीवर होतो. वारा अजिबात नव्हता. आणि पाणी मागे हटायला लागलं... चांगलं दहा-बारा पावलं. दगडांसकट मोळ्या उघड्या पडल्या. मग तेच पाणी फेसाळत परत आलं, आईच्या गुडघ्यापर्यंत. थोडं माझ्या तोंडात उडालं - खारट.

पाणी खारट लागतंय म्हटल्यावर आई एवढंच म्हणाली, "प्रमोदले फोन लाव."

फोन बंद होता.

मी बाटलीभर पाणी शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. सिल्व्हर नायट्रेट टाकताच दह्यासारखा पांढरा गाळ बसला, म्हणजे पाण्यात भरपूर मीठ. दुसऱ्या दिवशीचं पाणी तपासलं, तर ते नेहमीसारखं जरासं गढूळ झालं, बस.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने कळवलं, तुमचा भाऊ काम सोडून पळाला. मी तिथे गेलो. हॉटेलच्या मॅनेजरने एसीत बसवून तेच सांगितलं, रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे तसं लिहिलेलंही दाखवलं. पोलिसांनी तेच उतरवून घेतलं. आणि मी मूर्खासारखा 'सर, सर' करत राहिलो. त्याची चीड अजून येते.

दीड महिन्याने प्रमोदसोबत गेलेला रामदास गावी परतला. तोंड उघडू नको, असा ठेकेदाराने त्याला दम भरला होता.

"भाऊ, प्रमोद पळाला नाई," तो म्हणाला. "बोडीत ठेवतो तशीच त्यानं मोळी समुद्रात दगडाखाली ठेवली. भरती काय असते, आमाले काय मालूम? मोळी वाहून जाऊन राह्यली होती, तं तो धराले पाण्यात उतरला. मंग दिसलाच नाई."

पाहुणे घाबरतील म्हणून हॉटेलवाल्यांनी शोधायलासुद्धा कुणाला बोलावलं नाही. मी वार विचारला, वेळ विचारली. तोच रविवार. जेवण झाल्यावर, दोन-अडीच.

बोडीचं पाणी का हटलं, खारं कसं झालं - विज्ञानाचा मास्तर असूनही मला सांगता येत नाही. कधी येईल असंही वाटत नाही. ते राहू द्या. पण वाहून जाणारी एक मोळी ज्याला सोडवली नाही, त्याच्या नावापुढे, हॉटेलवाल्यांनो, तुम्ही रजिस्टरमध्ये 'काम सोडून पळाला' लिहिलंय. ते आधी खोडा.