शहागडच्या पुलावरची टिकटिक

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावातून बियाण्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांचा जीव ठेकेदाराने फुकटात टांगणीला लावला. जळक्या ऑइलचा वास आला की ती सकाळ अजून अंगावर येते. ठेकेदाराच्या पिकअपच्या हौद्यात मीही त्यांच्यासोबत उभा होतो. इंजिन कधीपासून टिकटिक करत होतं, आणि ठेकेदाराने ऑइल टाकायचं सोडून केबिनमध्ये मोठा स्पीकर बसवला होता. शहागडच्या पुलावर टिकटिकीची खडखड झाली, ड्रायव्हरने घाबरून मध्येच इंजिन बंद केलं. मागून भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता. कठड्याखाली गोदावरी. शेजारच्या मावशीने माझा दंड आवळला. ट्रक हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढली, तर ती कोरडी. "बघितलं न्हाई का रे आधी?" मावशीने विचारलं. "मालकाला म्हणलं होतं म्या," तो म्हणाला, "मालक म्हणले, गाणं लाव, मंग ऐकूच येत न्हाई." ट्रकवाल्याने दिलेलं ऑइल ओतून इंजिन पुन्हा चालू केलं, तेव्हा कुठे टिकटिक हळूहळू थांबली. मी आज तुमच्याकडे एवढंच मागतो: तुमच्या घरची बाई ज्या गाडीत कामाला जाते, त्या गाडीची ऑइलची पट्टी उद्या सकाळी स्वतः ओढून बघा, आणि कोरडी निघाली तर गाडी हलू देऊ नका.