बंद कंप्युटरसमोरची खुर्ची

मला खुर्चीवर बसवलं, गळ्यात नवं ओळखपत्र अडकवलं आणि साहेब म्हणाले, "बेटा, कीबोर्ड पे हाथ रखो. बस, हिलना मत."

समोर कंप्युटर होता. बंद. त्याची वायर टेबलाखाली लोंबत होती, भिंतीतल्या प्लगपर्यंत पोचतच नव्हती. आणि माझे हात जन्मापासून थरथरतात. हिलना मत.

मी सव्वीस वर्षांची आहे.

हात थरथरतात, बोलताना जीभ जड होते, डोकं मात्र ठीक चालतं. हे इतक्यांदा सांगून झालंय की आता सांगायचाही कंटाळा येतो. समता कॉलोनीतल्या एका केंद्रात दोन वर्षं टायपिंग शिकले. डाव्या हाताच्या एका बोटाने. कीबोर्डवर बसवायची भोकं पाडलेली एक पट्टी असते, ती बसवली की बोट थरथरलं तरी भलत्या अक्षरावर पडत नाही. ती पट्टी कायम माझ्या पिशवीत असते.

शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेवर नोकरी लागली तेव्हा बाबांनी बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले. पहिल्या दिवशी साहेब माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांना म्हणाले, "बच्ची को क्यों तकलीफ़ देना? घर पे रहने दो. हाज़िरी लग जाएगी, पगार भी आएगा. प्रोग्राम होगा तो बुला लेंगे." बाबांनी हात जोडले. रेल्वेत उभी हयात काढलेला माझा बाप, त्याने हात जोडले.

तीन महिने घरी बसले. पगार आला, मी घेतला. त्याची लाज मला आजही वाटते.

मग हा प्रोग्राम. बाहेरून पाहुणे आले होते, दिव्यांग कर्मचारी बघायला. त्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "ये क्या काम करती है?"

"डेटा एंट्री," साहेब म्हणाले. "बहुत मेहनती बच्ची है."

मी म्हणाले, "मैं तीन महीने से घर पे हूँ. मुझे काम नहीं देते."

जीभ जड. शब्द ओढत, तुटत आले. बाईंना कळलं नाही. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांना कळलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "कह रही है, यहाँ बहुत खुश हूँ."

टाळ्या वाजल्या. फोटोवाला पुढे आला.

जीभ माझी, आणि तीही त्यांनी वापरली. फार राग आला नाही. थकवाच आला. मी खाली वाकले, ती लोंबणारी वायर वर ओढली आणि तिचं टोक बाईंच्या हातात दिलं. मग पिशवीतून पट्टी काढून कीबोर्डवर बसवली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

बाई हातातल्या प्लगकडे बघत राहिल्या. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला.

मी घरी पोचायच्या आत बाबांना साहेबांचा फोन आला होता. ते दारातच म्हणाले, "घरबसल्या पगार भेटून राह्यला होता, पोट्टे. काहून आग लावली?"

मी म्हणाले, "बाबा, रेल्वेत तुमाले पहिल्या वर्षी पाण्याच्या माठाले हात लावू देत नव्हते. तवा कोणी म्हणलं असतं, घरी बसा, पगार घ्या, तर बसले असते का तुमी?"

बाबांनी टीव्ही लावला. मला वाटलं होतं, ते निदान हो म्हणतील.

सकाळी दोन ऑटो बदलून एकटीच सिलतऱ्याला गेले. गेटवरचा गार्ड म्हणाला, "आज तो कोई प्रोग्राम नहीं है, दीदी."

"काम है," मी म्हणाले. त्याला कळलं नाही. परत म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा त्याने गेट उघडलं.

खुर्ची तिथेच होती. पिशवीत पट्टी होती आणि वाटेत घेतलेला लांब वायरचा बोर्डही. मी तो भिंतीत खोचला, कंप्युटरची वायर त्याला जोडली. कंप्युटर सुरू झाला.

साहेब आले, पाहिलं, आत गेले. तेव्हापासून रोज जाते. अजून कोणी काम दिलेलं नाही. द्यायचं नसेल तर कागदावर तसं लिहून सही करावी, मी तो कागद घेऊन पुढे कुठे जायचं ते बघेन. तोवर या खुर्चीवर मी बसणार, आणि कंप्युटर चालू असणार.