अमादेउने पुसलेली खूण

लाल मातीवर ओढायची ती रुंद, जड जाळी हातात नाही असा अमादेउ मी तेवीस वर्षांत पाहिलेला नाही. आमच्या टेनिस क्लबाची सहाही कोर्टं तो एकटा सांभाळतो. इतर क्लबांत सामना संपल्यावर माती सारखी करतात, हा बाबा सेट संपला तरी जाळी घेऊन हजर. खेळणारे पाणी पीत असतात आणि हा मागच्या रेषेपाशी वाकून चेंडूच्या मातीत उमटलेल्या जुन्या खुणा एकेक करून पुसतो; चेंडू आत की बाहेर ते त्यांच्यावरूनच ठरतं. कुणी घाई केली तर म्हणतो, "दम खा जरा. शिळ्या खुणेवरून भांडायचंय का तुला?" वय सदुसष्ट, लग्न केलं नाही, अंगाने काटक, बोलणं मोजकं. मी फिना. क्लबाचा बार चालवते आणि त्याच्या वाट्याचं बोलणंही मीच उरकते.

साडेदहाला आमच्याकडे न्याहारी असते आणि ती बुडवणं म्हणजे पाप. हातभर पावात बटाट्याचं ऑम्लेट, ऑलिव्ह, खारे शेंगदाणे आणि शेवटी रम पेटवून केलेली कॉफी. कोपऱ्यातलं टेबल तीन जणांचं. चिमो पोस्टमन होता, वोरो संत्र्यांच्या गोदामात मुकादम होता, आणि तिसरा अमादेउ. तोंडी लावायला वाद वर्षानुवर्षं एकच: विशीच्या आतला सगळ्यांत मोठा टेनिसपटू कोण?

"नदाल," चिमो पाव चावता चावता म्हणायचा. "पॅरिसला पहिल्यांदा गेला आणि कप घेऊनच आला. वय एकोणीस. पुढे बोलूच नका."

"एकोणीस म्हणजे घोडाच झाला की!" वोरो उसळायचा. "बेकरने विम्बल्डन जिंकलं तेव्हा सतरा होतं. परत अठराव्या वर्षी. जिंकलेलं राखायला छाती लागते, चिमो, छाती!"

"बोर्गनेही पॅरिस अठराव्या वर्षी जिंकलं आणि पुढच्या वर्षी राखलं. मातीवर. गवतावर दोन फटक्यांत निकाल लागतो, मातीवर घाम गाळावा लागतो."

"आणि आपला मुर्सियाचा अल्काराझ? एकोणिसाव्या वर्षी जगात पहिला! आहे कुणी दुसरा?"

"अरे, तू बेकरचा ना? मग मध्येच मुर्सियाला कसा पोचलास?"

माझं मत चँगला. सतरा वर्षांचं पोर, पायांत गोळे आलेले, उभं राहवेना, तर पठ्ठ्याने समोर जगातल्या पहिल्या नंबरचा खेळाडू असताना खालून सर्व्हिस केली आणि जिंकला! पण माझं मत विचारतो कोण? मी फक्त कॉफी आणायची. अमादेउला विचारलं तर तो शेंगदाणा सोलायचा आणि म्हणायचा, "सगळेच मोठे."

गेल्या वसंतात क्लबाने बारची भिंत रंगवायची ठरवली. विशीच्या आतले हे सगळे वीर ओळीने काढायचे. चिमोने टेबलावर मूठ आपटली. "आणि शेवटी आपला अमादेउ! चौऱ्याहत्तर साली जत्रेच्या स्पर्धेत याने बार्सिलोनाच्या ओलेगेरला हरवलं. तो पैसे घेऊन खेळणारा माणूस, हा सतरा वर्षांचा. आपल्या गावात यापेक्षा मोठं काय घडलंय?"

अमादेउ म्हणाला, "मला नका घेऊ."

"लाजतोय बघा नवरीसारखा."

"नको म्हटलं ना."

सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. रंगारी शुक्रवारी यायचा होता. बुधवारी अमादेउ आला, न्याहारीला हातही लावला नाही. मला वाटलं, तब्येत बिघडली. मी पाण्याचा ग्लास ठेवला तर माझं मनगट धरून म्हणाला, "फिना, बस. तूही ऐक."

मग जे पन्नास वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस, एक गुण घेतला की सामना याचा. ओलेगेरचा चेंडू मागच्या रेषेपाशी पडला. अमादेउने हात वर केला आणि बोट रोवून खूण दाखवली, रेषेच्या चांगली बाहेर. पंच खुर्चीवरून उतरला, खूण बघितली, मान हलवली. ओलेगेर काहीतरी बोलत राहिला, पण लोकांनी अमादेउला केव्हाच खांद्यावर घेतलं होतं.

"मी खोटं बोललो नव्हतो," अमादेउ म्हणाला. "तेव्हा नव्हतो. ती खूण खरंच बाहेर होती. पण आपल्याकडे जिंकणाऱ्याने जाळी ओढायची असते ना? जाळी घेऊन गेलो तर दुसरी खूण दिसली. ताजी. अर्धी रेषेवर. मी दाखवलेली आधीच्या कुठल्या तरी चेंडूची होती." त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला. "पंच अजून कोर्टावरच होता. हाक मारली असती तर आला असता. मी जाळी फिरवली."

सेट संपल्यावर वाकून खुणा पुसणारा हा माणूस मी रोज बघत होते आणि त्याला चक्रम म्हणत होते, याची मला लाज वाटली.

"भिंतीवर नाव लागलं तर मी या बारमध्ये पाय ठेवू शकणार नाही," तो म्हणाला. "आणि ही न्याहारी सोडून जाऊ कुठे?"

वोरो घसा खाकरून म्हणाला, "एकच गुण होता. पुढचेही तूच घेतले असतेस."

"ते ओलेगेरला सांग."

सांग म्हटलं ना, मग मी सांगणारच! जुन्या खेळाडूंच्या संघटनेत फोन केला, तासाभरात नंबर मिळाला. ओलेगेर शहात्तर वर्षांचा, अजून बार्सिलोनातच. फोन लावून आवाज मोठा केला आणि अमादेउच्या पुढ्यात ठेवला. त्याने माझ्यावर जे डोळे वटारले ते मी जन्मात विसरणार नाही. पण बोलला. अडखळत, घाम पुसत, सगळं बोलला.

पलीकडून आवाज आला, "अर्धी रेषेवर?"

"हो. मला माफ करा."

"माफी गेली खड्ड्यात! नाव लाव खुशाल, घोड्याएवढं लाव. जिंकला असतासच तू, माझे पाय संपले होते. पण एक काम कर. थांब, फोन ठेवू नकोस. रोझर! अगं रोझर, इकडे ये!"

चपला फरपटत आल्याचा आवाज झाला. ओलेगेर पलीकडे ओरडतच होता. "पन्नास वर्षं या बाईला सांगतोय चेंडू आत होता म्हणून. एका पोराकडून हरलास, आता रडतोस कशाला, म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते! जावयासमोर म्हणते! सांग तिला. तू सांग."

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज संशयी होता.

अमादेउ खुर्चीतून उठून उभा राहिला, का कोण जाणे. "वहिनी, मी अमादेउ. तुमच्या यजमानांना हरवलं होतं, तो. चेंडू आत होता."

"यांनी शिकवून ठेवलंय तुम्हाला."

"नाही वहिनी. मी डोळ्यांनी पाहिलाय."

मग तिने हळू आवाजात विचारलं, "किती आत होता? हे तर चार बोटं आत म्हणतात."

पलीकडे ओलेगेर एकाएकी गप्प झाला. वोरोने तोंडावर हात दाबला. अमादेउने आमच्याकडे एकदा बघितलं. खोटं बोलताना इतका सुखी माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"चारच बोटं, वहिनी," तो म्हणाला. "चांगला आत होता."