चष्म्यातली जखम

छावणीत सुभेदाराच्या दर्जाच्या माणसाला सगळे ‘एन्सिक’ म्हणतात. जुल्कर्नाईन सपारींच्या ते अंगवळणी पडलेलं. सव्वीस वर्षं त्यांनी सिंगापूरच्या पोरांना एकच काम शिकवलं: जखमी जवानाचं रक्त थांबवणं. एकदा उलटलेल्या ट्रकखालच्या ड्रायव्हरच्या मांडीला त्यांनीच पट्टा आवळला होता. त्याच्या घरून दर हरी रायाला, म्हणजे ईदला, अननसाच्या बिस्किटांचा डबा येतो.

आता चष्मे आले. घातले की रबरी पुतळ्याच्या मांडीवर जखम दिसते, रक्त उडतं, कानात गोळीबार होतो. देखणं काम, वादच नाही. पण पट्टा पुतळ्यावर चिकटवलेल्या खुणेवर बसला की हिरवा दिवा लागतो आणि रक्त थांबतं. पट्टा घट्ट आवळणारी दांडी पिळली का, हे विचारतो कोण! पोरं बिलंदर. दिवा लागला की हात झटकून मोकळी. चाळीसपैकी चाळीस पास.

“एन्सिक, निकालावर तेवढी सही करा. सोमवारी ही तुकडी खऱ्या गोळ्यांच्या सरावाला जातेय,” कॅप्टन तेओ म्हणाले.

“सर, यांना दिवा लावता येतो. रक्त थांबवता येत नाही.”

“यंत्र म्हणतंय ना, जीव वाचला! तुम्हाला नव्याचं वावडंच आहे.”

जुल्कर्नाईनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वावडं? पुतळ्यावरची खूण उपटून त्यांनी स्वतःच्या मांडीवर चिकटवली, बूट-मोजा काढला आणि टेबलावर आडवे झाले.

“जून हाओ, घाल चष्मा. जखमी मी आहे.”

पोरानं पट्टा ओढला. दिवा लागला.

“वाचलात, एन्सिक!” सगळे हसले.

“सर, माझ्या पावलावर बोट ठेवा. नाडी लागते?”

“लागते... चांगली लागते.”

“लागायला नको. म्हणजे रक्त चालूच आहे.”

कॅप्टन ओशाळले, पण हटले नाहीत. “पुढच्या तुकडीपासून सुधारू. आज सही द्या, वर कळवून झालंय.”

“वर कळवलंत? मग हेही कळवा, की मी तुमच्यासमोर मेलो. मेलेल्याची सही कसली मागता?”

कॅप्टननी कागद घडी करून खिशात घातला. जून हाओनं चष्मा काढला. त्यानं पट्ट्याची दांडी धरली.

“एन्सिक, दांडी किती पिळू?”

“नाडी जाईपर्यंत. आणि मी ओरडलो तरी थांबायचं नाही.”