प्लूटो आणि भिकुताई

शहाद्याच्या सुपडू पेंटरचा हात मोठा आणि भिंती लहान, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. हत्ती काढला की शेपूट शेजाऱ्याच्या भिंतीवर जायची. शाळेच्या भिंतीवर तरुणपणी त्याने सूर्यमाला काढली, तेव्हाही गुरूनेच निम्मी भिंत खाल्ली, आणि बिचारा प्लूटो कोपऱ्यात पाण्याच्या नळावर टेकला.

यंदा तपासणी आली, तसे हेमकांत सर म्हणाले, "सुपडूभाऊ, प्लूटोवर चुना मारा. आता ग्रह आठच."

"का बरं सर? काय गुन्हा करा त्यानी?"

"गुन्हा कसला! लहान पडतो. लांब तिकडे, बर्फाचा. आपल्या वाटेवरची गर्दी हटवायची ताकद नाही त्याच्यात."

"मंग सूर्याना फेरा मारानं सोडं का त्यानी?"

"छे! फेऱ्या मारतोच आहे."

सुपडूचा ब्रश चुन्याच्या डब्यातच राहिला. दोनच दिवसांपूर्वी त्याने असाच चुना मारला होता. मुलीचं, रूपालीचं लग्न. घराच्या भिंतीवर त्याने स्वतःच गणपती आणि निमंत्रकांची नावं रंगवली. गणपतीची सोंड वाढली, जागा संपली, आणि सोसायटीच्या चेअरमनचं नाव राहिलं. मग त्याने म्हसावदच्या थोरल्या बहिणीचं, भिकुताईचं नाव पुसून तिथे चेअरमनला बसवलं. ताई काय, घरचीच! पण बातमी म्हसावदला पोचली. आणि उद्या हळद. त्यांच्या घरात पहिली हळद फुईने, म्हणजे आत्यानेच लावायची.

सुपडूने तशीच एसटी गाठली. भिकुताई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली,

"काय लेवाले उना? तुन्हा चेअरमन लावी ना पोरले हळद!"

"ताई, चुकनू मी."

"चुकना नही. मन्हं नाव पुसं तू."

एरवी बोलून बोलून गिऱ्हाइकाला झोपवणारा सुपडू आल्या पावली परत फिरला. घरी येऊन त्याने चेअरमनवर चुना मारला आणि ताईचं नाव पुन्हा लिहिलं, गणपतीपेक्षाही ठळक.

ही बातमीही म्हसावदला पोचली असावी; सकाळी भिकुताई आली. नावाभोवतीच्या पांढऱ्याफटक चौकोनावरून तिने बोट फिरवलं, भावाकडे पाहिलंही नाही, आणि आत जाऊन रूपालीला हळद लावली.

लग्न उरकल्यावर सुपडू शाळेत गेला. प्लूटोखाली त्याने बारीक अक्षरात 'बटुग्रह' लिहिलं.

"अहो, चुना मारायचा होता ना?" सरांनी विचारलं.

"नही सर," सुपडू ब्रश पुसत म्हणाला, "चुन्याना डाग जास नही."